रेकॉर्ड हातात, गाणं लॅपटॉपात : घरी डिजिटल व्हायनल सेटअप लावताना

पहिली टाइमकोड रेकॉर्ड, म्हणजे लॅपटॉपातलं गाणं हाताने फिरवायला वापरतात ती, घरी आली त्या संध्याकाळी मला धीर धरवला नाही. लॅपटॉप वगैरे काही न जोडता मी ती सरळ आजोबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवली. स्पीकरमधून ‘कुंऽऽऽ’ असा एकसुरी आवाज यायला लागला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अरे, टीव्ही बंद कर, केबल गेलेली दिसतेय.” तिचं काही चुकलं नव्हतं. पूर्वी कार्यक्रम संपला की पडद्यावर रंगीत पट्ट्या यायच्या आणि सोबत जो सूर लागायचा, त्याच जातीचा हा आवाज होता.

या रेकॉर्डवर गाणं नसतंच. असतो तो हा सूर. सेराटो या डीजे-सॉफ्टवेअर कंपनीच्या रेकॉर्डवर तो १ किलोहर्ट्झचा असतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, म्हणजे एका फेऱ्यात सुराची १८०० कंपनं. तुम्ही हाताने रेकॉर्ड हळू केली की सूर उतरतो, पुढे ढकलली की चढतो. लॅपटॉप तेवढंच ऐकतो आणि हार्ड डिस्कवरचं गाणं त्याच वेगाने हळू-जलद करतो. उलटसुलट कळायला आणखी एक युक्ती आहे. डाव्या आणि उजव्या चॅनेलवर तोच सूर असतो, पण एक दुसऱ्यापेक्षा पाव कंपनाने मागे. पुढे कोण, मागे कोण यावरून रेकॉर्ड सुलटी फिरतेय की उलटी हे समजतं. आणि सुई रेकॉर्डच्या नेमक्या कुठल्या जागी आहे, तो पत्ता सुराच्या कमी-जास्त जोरात सांकेतिक आकड्यांनी कोरलेला असतो.

कल्पना जुनीच. या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या मंडळींनी ‘फायनल स्क्रॅच’ काढलं, तेही आता विस्मरणात गेलेल्या बीओएस या प्रणालीवर. पुढे २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटोने रेन कंपनीबरोबर ‘स्क्रॅच लाइव्ह’ आणलं आणि रेकॉर्डच्या पेट्या वाहणाऱ्या डीजे लोकांच्या पाठी वाचल्या.

हे एवढं सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढची सगळी जोडणी त्या सुरासाठी आहे. सुईपासून लॅपटॉपपर्यंत तो स्वच्छ पोचला तर उरलेलं काम सॉफ्टवेअर आपोआप करतं. गेल्या काही वर्षांत मित्रांच्या घरी जाऊन मी जेवढे बिघाड पाहिले, त्यांतले बहुतेक सुई, वायर नाहीतर अर्थिंगमध्ये निघाले. आणि प्रत्येकाने माझ्या आधी दोन-दोन दिवस सॉफ्टवेअर काढून परत टाकण्यात घालवले होते.

आधी रस्ता ठरवा

तीन रस्ते आहेत.

पहिला श्रीमंतांचा. साउंड कार्ड पोटात असलेला डीव्हीएस (डिजिटल व्हायनल सिस्टिमचा) मिक्सर घ्यायचा, पायोनियर डीजेच्या डीजेएम-एस मालिकेतला किंवा रेनचा. दोन्ही डेक (रेकॉर्ड फिरवणारी टर्नटेबलं) मिक्सरच्या फोनो सॉकेटमध्ये, मिक्सरमधून एक यूएसबी केबल लॅपटॉपला. संपलं. बहुतेक अशा मिक्सरबरोबर सॉफ्टवेअरचा परवानाही येतो, पण टाइमकोडचा भाग त्यात आहे की वेगळा विकत घ्यावा लागतो, हे त्या मॉडेलच्या पानावर नीट वाचा. इथे बरेच जण फसतात.

दुसरा रस्ता साध्या मिक्सरचा आणि वेगळ्या डब्याचा. रेन एसएल-२, ट्रॅक्टर ऑडिओ ६ असे डबे आता जुन्या बाजारातच मिळतात, पण चांगले चालतात. फक्त तुमच्या लॅपटॉपच्या आजच्या प्रणालीसाठी त्यांचा ड्रायव्हर अजून मिळतो का, हे पैसे देण्याआधी बघायचं.

तिसरा माझा रस्ता. चार इनपुट, चार आउटपुट असलेलं कुठलंही चांगलं साउंड कार्ड (माझ्याकडे बेरिंगरचं यूएमसी४०४एचडी आहे), दोन छोटे फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण आवाज मोठा करणारे डबे), आणि मिक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. इंग्रजीत त्याच्या नावात तीन एक्स आहेत, शोधताना ते लक्षात ठेवा. सेराटो डीजे प्रोला त्यांच्या यादीतलंच यंत्र लागतं. मिक्स आणि व्हर्च्युअलडीजे तसे हट्ट करत नाहीत.

साउंड कार्ड घेताना दोनच इनपुट असलेलं घेऊ नका. एक डेक स्टिरिओ, म्हणजे दोन वायरी. दोन डेक म्हणजे चार. आणि ‘यूएसबी टर्नटेबल’ला जी यूएसबी असते ती रेकॉर्ड संगणकात उतरवून घ्यायला असते. दोन डेकच्या दोन यूएसबी जोडल्या की संगणकाला दोन वेगळी साउंड कार्डं दिसतात, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. त्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात एका डेकवरही करता येते, हे कुणी सांगत नाही. एका बाजूला डेक, दुसऱ्या बाजूचं गाणं सॉफ्टवेअरमध्ये नुसतं वाजत ठेवायचं. स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढेमागे करून ताल काढणं, शिकायला सहा महिने एवढं पुरतं.

डेक, आणि १०० व्होल्टचा धूर

डायरेक्ट ड्राइव्ह हवा, म्हणजे मोटर थेट चकतीच्या खाली. पट्ट्यावर चालणारा डेक गाणी ऐकायला छान, पण रेकॉर्ड हाताने धरून सोडली की पट्टा घसरतो आणि वेग पकडायला वेळ घेतो. टेक्निक्सची एसएल-१२०० मालिका १९७२ पासूनची. डीजेंनी डोक्यावर घेतलं ते १९७९ च्या एमके२ ला. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये नाव परत आलं आणि २०१९ पासून एमके७ मिळतो. नव्यात ऑडिओ टेक्निकाचा एलपी१४०एक्सपी, रीलूपचा आरपी-७०००, पायोनियरचा पीएलएक्स-१००० हेही धडधाकट डेक आहेत.

आता माझी फजिती. ऑनलाइन एकाकडून जुना टेक्निक्स घेतला, ‘चालू स्थितीत’. खोकं उघडलं, पुसला, प्लगला ॲडॅप्टर लावला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. दिवा लागला, दोन सेकंद सुंदर लाल उजेड पडला आणि मग खालून जळकट वास. तो डेक जपानच्या बाजारासाठीचा, १०० व्होल्टचा होता. आपल्या सॉकेटला २३०. मागच्या पट्टीवर लहान अक्षरांत स्वच्छ छापलेलं होतं, वाचलं कोणी? पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या मागे एक वयस्कर दुरुस्तीवाले बसतात. त्यांनी डेक उलटा केला, झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि म्हणाले, “ट्रान्सफॉर्मर गेला. बाकी काही नाही. आता आधी वाचत जा आणि मग खुपसत जा.” नवा ट्रान्सफॉर्मर बसवून त्यांनी तो २३० वर आणून दिला.

तेव्हा जुना डेक घेताना पहिलं काम: मागची पट्टी वाचा. १०० किंवा १२० व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हिशोबात धरा. दुसरं: चालू करून चकतीच्या कडेचे ठिपके बघा. टेक्निक्सवर ठिपक्यांच्या चार ओळी असतात. पिच (वेग कमी-जास्त करायचा दांडा) शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल उजेडात एका जागी उभी राहिली पाहिजे. ती सरकत असेल तर वेग ढळतोय. तिसरं: टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा लांब दांडा, दोन बोटांनी हलकेच पुढेमागे हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग सैल आहे. पिचचा दांडा मधोमध अडखळत असेल तर तो साफ करता येतो, त्यासाठी सौदा मोडू नका.

रविवारी जुन्या बाजारात डेक मिळेल या आशेवर मी पुष्कळ चकरा मारल्या आहेत. तिथे मिळतात ते रेकॉर्ड आपोआप बदलणारे चेंजर आणि हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डी. डीजेचा डेक एकदाही दिसला नाही. अर्थात चकरा वाया गेल्या असं म्हणणार नाही.

टेबल: स्वयंपाकाच्या ओट्याची उंची

उभं राहून काम करायचं आहे, तेव्हा उंची आईच्या ओट्याइतकी ठेवा. पोळ्या लाटताना पाठ दुखत नाही ती उंची स्क्रॅच करतानाही बरोबर बसते.

रुंदीचं गणित असं. एसएल-१२०० साधारण ४५ सेंटीमीटर रुंद आणि ३५ खोल. दोन डेक सरळ आणि मधे २६ सेंटीमीटरचा मिक्सर धरला तर ११६ सेंटीमीटर. चार फुटांत, म्हणजे १२२ मध्ये, जेमतेम मावतं. डेक काटकोनात फिरवून ठेवले, म्हणजे टोनआर्म तुमच्यापासून लांबच्या कडेला गेला, तर ९६ मध्ये भागतं. स्क्रॅच करणारे असेच ठेवतात, हात टोनआर्मला लागत नाही म्हणून. माझाही सेटअप तसाच आहे.

महत्त्वाचं ते वजन. हलकं प्लायवूडचं टेबल असेल तर बेसचा ठोका टेबलातून सुईत शिरतो, सुईतून स्पीकरमध्ये, स्पीकरमधून पुन्हा टेबलात. मी फरशीवाल्याकडून चार बाय दोन फुटांचा कडप्पा कापून आणला, कडा घासून घेतल्या आणि लोखंडी स्टँडवर ठेवला. पाऊण इंच जाडीच्या त्या तुकड्याचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं; तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, त्यामुळे वर चढवणाऱ्या मित्राला मिसळ खायला घालावी लागली. कडप्पा आणि स्टँड यांच्यामध्ये रबराचे जाड तुकडे. मग पाणसळ घेऊन चारही बाजूंनी सपाटी बघा, डेकचे पाय फिरवून जुळवा. स्पीकर याच टेबलावर कधीही ठेवू नका.

सुई बसवणं: इथे घाई नको

आख्ख्या सेटअपमध्ये मिलिमीटरच्या हिशोबाचं काम एवढंच. दुपारचा निवांत वेळ काढा, पंखा बंद करा, खिडकीपाशी बसा.

सुई डीजेसाठी बनवलेलीच हवी, टोक गोलसर असलेली. गाणी ऐकायची नाजूक, लंबगोल सुई मागेपुढे ढकलताना उडते आणि रेकॉर्डही खरवडते. शुअरची एम४४-७ ही स्क्रॅचवाल्यांची लाडकी सुई होती, पण कंपनीने २०१८ मध्ये हा धंदाच बंद केला. आता ‘मूळ शुअर’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यापासून चार हात लांब राहा. ऑर्टोफॉनची कॉन्कॉर्ड जातीची सुई हेडशेलसकट (टोनआर्मच्या टोकाला लागणाऱ्या तुकड्यासकट) एकाच तुकड्यात येते, टोनआर्मला सरळ लावायची आणि कडी फिरवायची. नवशिक्यांना मी तीच सांगतो.

वेगळं हेडशेल आणि वेगळं कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) असेल तर चार केसासारख्या वायरी जोडाव्या लागतात. रंग जगभर एकच: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. कार्ट्रिजच्या मागच्या खुंट्यांवर हेच रंग किंवा अक्षरं असतात. चिमट्याने वायरीची टोपी धरा, वायर धरू नका, ती टोपीतून निसटून हातात येते. पहिल्या वेळी माझी हिरवी अशीच तुटली. टेक्निक्सच्या टोनआर्मवर हेडशेलच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर धरतात. पट्टीने मोजून स्क्रू आवळा.

आता वजन. हा क्रम मोडू नका. अँटीस्केट (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर. सुईची टोपी काढा, टोनआर्म त्याच्या खुंटीवरून सोडवून प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या चकतीच्या, बाहेर हवेत धरा. मागचं काउंटरवेट हळूहळू फिरवत जा, जोवर हात सोडल्यावर टोनआर्म वरही जात नाही आणि खालीही पडत नाही. सोनाराच्या तराजूची दांडी ठरते तसा तो आडवा ठरला पाहिजे. मग टोनआर्म पुन्हा खुंटीवर ठेवून अडकवा. काउंटरवेटच्या पुढच्या बाजूची आकड्यांची कडी एकटीच फिरते. तिचा शून्य वरच्या रेघेवर आणा, वजन जागचं हलू न देता. आता सबंध वजन फिरवा म्हणजे कडीही बरोबर फिरेल, आणि पाकिटावर लिहिलेल्या ग्रॅमवर थांबा. डीजे सुया बहुतेक ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास असतात, एम४४-७ मात्र ३ च्या आत. सुई उडतेय म्हणून वजन वाढवत सुटणारे लोक आहेत, काही जण वर नाणंही चिकटवतात. त्याने रेकॉर्ड लवकर झिजते आणि सूर गढूळ होतो. आधी टेबल आणि स्लिपमॅट बघा.

स्लिपमॅट म्हणजे प्लॅटरवरची कापडी चकती. ती घसरली पाहिजे, म्हणजे तुम्ही रेकॉर्ड धरली तरी खालचा प्लॅटर फिरत राहतो. घर्षण जास्त वाटलं तर एलपीच्या आतल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची गोल चकती कापून स्लिपमॅटखाली घाला. फुकटातला उपाय आहे आणि उत्तम चालतो. रबरी मॅट आली असेल ती काढून खोक्यात टाका.

वायरी: फोनो, लाइन आणि ती एकटी हिरवट वायर

सुईतून येणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्ट. त्याला फोनो म्हणतात. प्रीॲम्पमधून गेला की तो कितीतरी पटींनी मोठा होतो, तो लाइन. नियम एकच: सुई ते साउंड कार्ड या वाटेवर फोनो प्रीॲम्प एकदाच लागला पाहिजे. नव्या डेकच्या मागे फोनो-लाइन असं बटण असतं, म्हणजे प्रीॲम्प आतच आहे. ते लाइनवर ठेवून केबल मिक्सरच्या फोनो सॉकेटमध्ये घातली की दोनदा मोठा झालेला आवाज फाटतो. उलट केलं तर आवाज जेमतेमच ऐकू येतो.

टेक्निक्सच्या लाल-पांढऱ्या केबलीबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखा चिमटा असलेली. तिला लोंबती ठेवू नका. मिक्सरच्या किंवा प्रीॲम्पच्या मागे एक स्क्रू असतो, त्याखाली ती आवळा. नाही आवळली तर ५० हर्ट्झची घुर्रर्र ऐकू येते आणि तीच टाइमकोडमध्येही मिसळते.

वायर आवळूनही घुरघुर राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज थांबला तर दोष चार्जर आणि अर्थिंगचा आहे. लॅपटॉप, प्रीॲम्प, डेक, स्पीकर हे सगळं एकाच भिंतीतल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्यात कधी कधी काहीच जोडलेलं नसतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा अर्थिंग तपासून घ्या. घुरघुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

यूएमसी४०४एचडीसारख्या कार्डावर प्रत्येक इनपुटला आवाजाचा वेगळा खुंटा असतो. डाव्या-उजव्याच्या जोडीतले दोन्ही खुंटे हुबेहूब एकसारखे हवेत. मी बारीक पांढरी खूण करून ठेवली आहे. आणि इनपुटचा आवाज थेट हेडफोनवर नेणारी सोय बंद ठेवा. नाहीतर गाण्याच्या मागे आईची ‘केबल गेलेली’ ऐकू येत राहील.

सॉफ्टवेअरमध्ये

यूएसबी हबमधून जोडू नका, केबल थेट लॅपटॉपमध्ये. विंडोजवर कार्डाच्या कंपनीचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर टाका. मॅकवर बहुधा काही लागत नाही.

मिक्समध्ये साउंड हार्डवेअरच्या पानावर इनपुटच्या बाजूला व्हायनल कंट्रोल १ ला कार्डाचे चॅनेल १-२ द्या, व्हायनल कंट्रोल २ ला ३-४. आउटपुटच्या बाजूला बाहेरचा मिक्सर असेल तर डेक १ आणि डेक २ वेगवेगळे पाठवा. नसेल तर मुख्य आवाज १-२ वर आणि हेडफोन ३-४ वर. मग व्हायनल कंट्रोलच्या पानावर तुमच्या रेकॉर्डची जात निवडा. सेराटोची असेल तर कुठली बाजू हेही विचारतं, कारण दोन्ही बाजूंचे पत्ते वेगळे. सेराटो सीव्ही०२ च्या ए बाजूवर १० मिनिटं मावतात, बी बाजूवर १५.

आणि एक सापळा. आजच्या मॅक आणि विंडोजच्या लेखी टाइमकोड म्हणजे ‘मायक्रोफोन’. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला मायक्रोफोनची परवानगी दिली नसेल तर सगळं बरोबर जोडूनही पडदा मेल्यासारखा दिसतो. कोथरूडच्या एका मित्राने या पायी नवी सुई विकत घेतली होती.

वर्तुळ वाचायला शिका

सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी गोल खिडकी असते. डावा सूर आडवा आणि उजवा सूर उभा असा काढला, आणि दोघांत पाव कंपनाचं अंतर असलं, की आपोआप वर्तुळ उमटतं. हे वर्तुळ म्हणजे तुमच्या सेटअपची नाडी. वैद्याला कळतं तसं यावरून सगळं कळतं.

गोल, बारीक रेघेचं, स्थिर वर्तुळ दिसलं तर देवापुढे साखर ठेवा. नुसती आडवी किंवा उभी रेघ दिसतेय? एक चॅनेल मेलाय. हेडशेल काढा, मागचे पितळी टोक खोडरबराने घासा, परत लावा. दहातल्या सात वेळा एवढ्यावर काम होतं. नाहीतर चार वायरींतली एक निसटली असेल. लंबगोल दिसलं तर दोन खुंटे एकसारखे नाहीत. तिरका लंबगोल असेल तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये वाकडं बसलंय किंवा सुई झिजली आहे. वर्तुळाच्या कडा सपाट होऊन ते चौकोनाकडे झुकलं तर आवाज जास्त झालाय, दोनदा प्रीॲम्प लागलाय का बघा. मधोमध बारका ठिपका असेल तर प्रीॲम्प लागलेलाच नाही. रेघ जाडजूड आणि थरथरती असेल तर अर्थिंगची घुरघुर. केसाळ असेल तर सुईच्या टोकाला कचऱ्याचा पुंजका.

एक बिघाड मात्र वर्तुळातही लपतो. रेघ सुंदर गोल, आणि गाणं उलटं वाजतंय. डावी-उजवी केबल अदलाबदल झाली की असं होतं. केबली बरोबर असतील तर एकाच चॅनेलची धन-ऋण उलट लागली असेल, पांढरी निळीच्या जागी. कोण पुढे, कोण मागे हे उलटतं आणि सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिकपणे गाणं मागे नेतं. हे शोधायला मला एक अख्खी रात्र लागली.

सेराटोमध्ये यानंतर आवाजाची किमान पातळी ठरवायची. प्लॅटर थांबवा, सुई रेकॉर्डवर ठेवा, खोलीत नेहमी वाजवता तेवढ्या आवाजात दुसरं गाणं लावा, आणि एस्टिमेटचं बटण पट्टी हलायची थांबेपर्यंत दाबून धरा. सुई ठेवलेली असताना खोलीतला कंप किती शिरतो, तो ते मोजून घेतं. हे केलं नाही तर थांबलेल्या रेकॉर्डवरही गाणं मुंगीसारखं सरकत राहतं.

उशीर किती चालतो

हात हलला आणि आवाज आला यांमधला वेळ म्हणजे लेटन्सी. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे ११.६. आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे तो लागतो, शिवाय यंत्रांचा थोडा वेगळा. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्यासारखा. गाण्याला गाणं जोडताना तो जाणवत नाही. स्क्रॅच करताना जाणवतो, रेकॉर्डला गूळ लागल्यासारखं वाटतं. बफर कमी करत जा, चटचट आवाज यायला लागला की एक पायरी मागे या. वायफाय बंद, ब्राउझर बंद, चार्जर लावलेला.

पहिली संध्याकाळ

तीन पद्धती असतात. ॲब्सोल्यूटमध्ये सुई जिथे ठेवाल तिथून गाणं, अगदी खऱ्या रेकॉर्डसारखं. रिलेटिव्हमध्ये फक्त वेग आणि दिशा, जागा नाही. सुई उडाली तरी गाणं उडत नाही. इंटर्नलमध्ये रेकॉर्डचा संबंधच नाही. ॲब्सोल्यूटमध्ये शिका, लोकांसमोर रिलेटिव्हमध्ये वाजवा, असं मी सांगेन. रेकॉर्डवर, मधल्या लेबलापासून कडेपर्यंत, एक रंगीत चिकटपट्टी लावा म्हणजे ठोका कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

दोन गाणी जुळवताना पडद्यावरच्या लाटा झाका. खरंच, वर वर्तमानपत्र ठेवा. ज्याने कधी तबल्याबरोबर सम धरलीय त्याला कान पुरतात: आधी दोन्हींची लय पिचच्या दांड्याने सारखी करा, टेक्निक्सवर तो अधिक-उणे ८ टक्के जातो, आणि मग सम जुळवायला रेकॉर्ड बोटाने किंचित ढकला किंवा प्लॅटरच्या कडेला बोट टेकवून मागे ओढा. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जुळवायला घेऊ नका. पथकाची लय पुढे पुढे चढत जाते, पहिल्या दिवशी रडाल.

पुण्यात ‘घरी डीजे लावलाय’ हे वाक्य जपून वापरा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहिली. ते वर आले. म्हटलं, “काका, या ना, बसा, ऐका तरी.” हेडफोन कानाला लावून दिला. पाच मिनिटांनी म्हणाले, “हे एवढंच? मग तो मेला धपधप आवाज कसला येतो रात्री?” तो माझ्या पायाचा होता, ठेका धरल्याचा. आता पायाखाली सतरंजी आहे. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६, ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री हेडफोनच.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर एक मजा बघायला मिळते. लॅपटॉप बॅटरीवर चालू, कार्ड आणि प्रीॲम्पही त्याच्याकडून वीज घेणारे असतील तर तेही चालू, पण डेक थांबत जातो आणि हेडफोनमधलं गाणं आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनसारखं ओढत ओढत झोपी जातं. वीज परत येईल तेव्हा झटका नको म्हणून डेकचं बटण तेवढं बंद करून ठेवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. रेकॉर्डी उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नकोत, पेटीत सिलिकाच्या दोन-चार पुड्या. टाइमकोडच्या रेकॉर्डवर बुरशीचा ठिपका पडला तर तिथे गाणं अडखळतं. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा. सुई पुसायचा ब्रश मागून पुढे, सुईच्या टोकाकडे, उलट कधीच नाही. क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारा मिक्सरचा दांडा) खरखरायला लागला तर फेडरसाठीचाच क्लीनर वापरा. शिलाई मशिनचं तेल घालणारा माणूस माझ्या घरातच होता, त्याचं नाव सांगत नाही. रात्री सुईवर टोपी, टोनआर्म खुंटीत अडकवलेला, आणि दोन्ही डेकवर आईची जुनी सुती साडी चौपदरी करून. प्लास्टिकचं झाकण खरं तर डेकबरोबर आलं होतं, पण काटकोनात ठेवलेल्या डेकवर ते उघडलं की बाजूच्या वस्तूंना आपटतं, म्हणून ते माळ्यावर आहे.